दुकानातून घेतलेल्या सिमचं बिल वाढलं: वाढ कुणाची, ते आधी शोधा

तक्रार थोड्याफार फरकानं एकच असते. बेळगावात गणपत गल्लीतल्या, टिळकवाडीतल्या नाहीतर खानापूर स्टँडजवळच्या दुकानातून पोस्टपेड सिम घेतलं. दुकानदारानं महिन्याचा आकडा सांगितला. पहिली दोन-तीन बिलं त्या आकड्याच्या आसपास आली आणि मग एकदम शंभर-दीडशे रुपये चढले. दुकानात विचारलं तर उत्तर मिळतं, ‘कंपनीनंच वाढवलंय की हो काका, मी काय करू?’ कस्टमर केअरला विचारलं तर, ‘तुमच्या प्लॅनच्या दरात काहीच बदल नाही.’ माणूस दोघांच्या मध्ये हेलपाटे घालतो आणि शेवटी कंटाळून पैसे भरतो.

मी उद्यमबागेतल्या एका कारखान्यात हिशेब बघतो. कामगारांची आणि त्यांच्या घरच्यांची फोनबिलं माझ्या टेबलावर येत असतात, ‘जरा बघा की, एवढं कसं काय आलं?’ म्हणून. ती बघता बघता एक गोष्ट पक्की झाली आहे. बिल वाढलं की पैसे तिघांपैकी एकानं वाढवलेले असतात. कंपनीनं प्लॅनचा दर वाढवलेला असतो, किंवा दुकानदारानं दिलेली सवलत संपलेली असते, किंवा बिलात तिसऱ्याच कुणाची रक्कम शिरलेली असते. यातला कोण, हे कळल्याशिवाय भांडायला जाण्यात अर्थ नाही, कारण तिघांची दाद मागायची जागा वेगळी आहे. दुकानदाराशी कंपनीच्या दरावरून आणि कंपनीशी दुकानदाराच्या शब्दावरून वाद घालण्यात लोकांचे आठवडे जातात, आणि त्यात फायदा फक्त पैसे घेणाऱ्याचा होतो.

मेसेज पुरत नाही, पूर्ण बिल काढा

मोबाइलवर येणाऱ्या मेसेजमध्ये फक्त भरायची एकूण रक्कम असते. कंपनीच्या ॲपमधून किंवा ईमेलवरून बिलाची पीडीएफ काढा, आणि वाढ होण्याच्या आधीचं एक बिलही काढा. दोन्ही शेजारी ठेवून एकेक ओळ ताडून बघा: मासिक भाडं, सवलत, जादा पॅक, प्लॅनबाहेरचा वापर, उशिराचा दंड, कर. बहुतेक वेळा फरक एकाच ओळीत सापडतो.

पहिलं बिल मात्र या तुलनेला घेऊ नका. सिम महिन्याच्या मध्ये सुरू झालेलं असतं, त्यामुळे त्या बिलात भाडं दिवसांच्या हिशेबानं येतं आणि रक्कम कमी दिसते. ‘पहिलं बिल एवढं कमी आलं, आता दुप्पट कसं?’ या तक्रारीत पुष्कळदा एवढंच असतं.

मग कर. प्रीपेड रिचार्जच्या किमतीत १८ टक्के जीएसटी धरलेला असतो, २९९ म्हणजे २९९. पोस्टपेडच्या जाहिरातीतला दर करापूर्वीचा असतो. दुकानदार ‘४४९ चा प्लॅन’ म्हणतो आणि बिल येतं ५२९ रुपये ८२ पैशांचं, ९ टक्के केंद्राचा आणि ९ टक्के राज्याचा कर धरून. ही वाढ नव्हे, पण तोंडी सांगताना हा भाग गाळला जातो आणि प्रीपेडवरून नुकत्याच पोस्टपेडवर आलेल्या माणसाला ती वाढच वाटते. माझ्या मते विकणाऱ्यानं करासहितचा आकडा सांगणं हे त्याचं कर्तव्य आहे. तो सांगत नसेल तर आपण विचारायचं: ‘हातात किती भरायचे?’

सवलत बिलात दिसते का?

सगळ्या गोंधळाचं मूळ इथं आहे, म्हणून यावर थोडं थांबतो.

नवीन कनेक्शन विकल्यावर डीलरला कंपनीकडून कमिशन मिळतं. गिऱ्हाईक ओढण्यासाठी त्यातला काही भाग तो स्वतःहून पुढे सरकवतो. पहिल्या दोन महिन्यांचे पैसे तो परत देतो, एखादं बिल स्वतः भरतो, कव्हर किंवा इअरफोन देतो, आणि मग या सगळ्याची सरासरी काढून सांगतो, ‘मावशी, तुम्हाला महिन्याला तीनशेच पडतात.’ हा तीनशेचा आकडा कंपनीच्या कागदावर कुठेही नसतो. कंपनीच्या दृष्टीनं तुम्ही पहिल्या दिवसापासून पूर्ण दराचे ग्राहक आहात. सवलत संपते त्या महिन्यात तुमच्यासाठी दर वाढतो, कंपनीसाठी काहीच बदलत नाही. म्हणूनच कस्टमर केअरवरचा माणूस ‘बदल नाही’ म्हणतो, आणि तो खोटं बोलत नसतो.

दुसरी सवलत कंपनीची स्वतःची असते. ती बिलात वेगळ्या ओळीवर, उणे चिन्हासह दिसते, आणि ती ठरावीक बिलांपुरती असते.

तेव्हा जुन्या बिलात सवलतीची ओळ शोधा. ओळ असेल आणि आता नाहीशी झाली असेल, तर ती किती महिन्यांसाठी होती हे कंपनीला विचारता येतं. मुदतीआधी काढली असेल तर तक्रार कंपनीवर. ओळ कधीच नव्हती, तर सवलत दुकानदाराची होती, आणि तिच्याबद्दल बोलायचं ते दुकानदाराशी. त्यानं दिलेली चिठ्ठी, व्हॉट्सॲपवरचा मेसेज, दुकानाबाहेरच्या फलकाचा फोटो, यातलं काही जवळ असेल तर जपून ठेवा. तोंडी शब्द सिद्ध करणं फार अवघड जातं.

वडगाव-खासबागेकडच्या विणकरांच्या घरांत एक प्रकार वरचेवर दिसतो. घरातल्या चार जणांची सिमं एका फॅमिली प्लॅनमध्ये घातली जातात, एक मुख्य नंबर आणि बाकीचे जोडलेले. दुकानदार एकूण रकमेला चारनं भागून माणशी आकडा सांगतो. पुढे त्यातला एक जण पोर्ट करून, म्हणजे नंबर तोच ठेवून, दुसऱ्या कंपनीत जातो. मुख्य प्लॅनचं भाडं तेवढंच राहतं, उरलेल्या तिघांवर माणशी बोजा चढतो आणि ‘दर वाढवला’ असा बोभाटा होतो. जोडलेल्या प्रत्येक नंबरचं भाडं किती आणि मुख्य नंबरचं किती, हे बिलात स्वतंत्र लिहिलेलं असतं. ते बघावं.

कंपनीनं खरोखर दर वाढवला असेल तर

मोबाइलचे दर सरकार ठरवत नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, म्हणजे ट्रायनं, ते कंपन्यांवर सोडलेले आहेत. नवीन दर लागू केल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत कंपनीनं तो ट्रायकडे नोंदवायचा असतो. त्यामुळे ‘सरकारनं मोबाइल महाग केला’ हे म्हणणं बरोबर नाही.

मोठ्या दरवाढी एकदमच येतात आणि तीन खाजगी कंपन्या एकमेकींच्या मागोमाग करतात. डिसेंबर २०१९ मध्ये झाली, नोव्हेंबर-डिसेंबर २०२१ मध्ये झाली, आणि ३ व ४ जुलै २०२४ ला झाली. या शेवटच्या वेळी जिओचा २३९ चा २८ दिवसांचा प्लॅन २९९ वर गेला, म्हणजे २५ टक्के वाढ. एअरटेलचा १७९ चा प्लॅन १९९ झाला. पोस्टपेडमध्ये एअरटेलचा ३९९ चा प्लॅन ४४९ झाला. कर धरला तर ४७० रुपये ८२ पैशांचे ५२९ रुपये ८२ पैसे. कागदावर पन्नासची वाढ आणि खिशातून एकोणसाठ. तुमच्या बिलातला फरक या तारखांनंतरच्या बिलापासून सुरू झाला असेल आणि भाड्याच्या ओळीत असेल, तर वाढ कंपनीचीच.

आता कामाचा नियम. ट्रायच्या दर-आदेशानुसार एखादा प्लॅन घेतल्यापासून सहा महिने त्यातला कुठलाही दर कंपनीला तुमच्यासाठी वाढवता येत नाही. कमी करता येतो. आणि ठरावीक मुदतीचे पैसे आधी भरलेले असतील, उदाहरणार्थ वर्षभराचा रिचार्ज, तर ती मुदत संपेपर्यंत संरक्षण आहे. जुलै २०२४ मध्ये ज्यांनी आधीच रिचार्ज करून ठेवला होता त्यांना तो संपेपर्यंत जुनाच दर मिळाला, तो यामुळे. सिम घेऊन सहा महिने झाले नसतील आणि भाड्याची ओळ वाढली असेल, तर तक्रारीत हाच मुद्दा पहिल्या वाक्यात घाला. दुकानदारानं फॉर्मवर घातलेली तारीख आणि सिम सुरू झाल्याचा मेसेज, दोन्ही सोबत जोडा.

दरवाढीचा दुसरा मार्ग जास्त गुपचूप आहे. कंपनी दर वाढवत नाही, स्वस्त प्लॅनच काढून टाकते. ऑगस्ट २०२५ मध्ये एअरटेलनं रोज एक जीबीचा २४९ चा प्लॅन बंद केला. रिचार्ज मारायला गेलेल्या माणसाला दुकानदार म्हणाला, ‘तो आता येत नाही, २९९ चा मारू का?’ इथं दुकानदार फसवत नव्हता. पण तो खरं सांगतोय का, हे आपण स्वतः तपासू शकतो. ट्रायच्या संकेतस्थळावर दर शोधण्याचं वेगळं पान आहे. तिथं कंपनी आणि परिमंडळ (मोबाइल सेवेसाठी आखलेला विभाग, म्हणजे ‘सर्कल’) निवडलं की चालू प्लॅन दिसतात.

प्रीपेडवाल्यांसाठी

२८ दिवसांचा प्लॅन म्हणजे महिना नव्हे. वर्षात असे तेरा रिचार्ज लागतात. २९९ ला तेरानं गुणलं तर ३,८८७ रुपये होतात. दर न वाढताही हा तेरावा रिचार्ज दरवाढीसारखा बोचतो. २०२२ पासून ट्रायनं प्रत्येक कंपनीला निदान एक ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होणारा प्लॅन ठेवणं बंधनकारक केलं आहे. दुकानदार तो क्वचितच स्वतःहून दाखवतो, म्हणून नाव घेऊन मागा. जे फक्त बोलण्यापुरता फोन वापरतात, आपल्या घरातली वडीलधारी माणसं, त्यांच्यासाठी डेटाशिवायचं फक्त कॉल आणि मेसेजचं व्हाउचर ठेवणं डिसेंबर २०२४ च्या दुरुस्तीनं सक्तीचं झालं. आज्जीच्या साध्या फोनवर रोज दीड जीबीचा रिचार्ज मारलेला मी बघतो तेव्हा वाईट वाटतं.

रिचार्ज झाल्यावर येणाऱ्या मेसेजमधली रक्कम आणि तुम्ही दिलेले पैसे जुळतात का, तेही बघा. दुकानदारानं वरचे पाच-दहा रुपये घेतले असतील तर ते त्याचे, कंपनीचे नव्हेत. यूपीआय ॲपवरून रिचार्ज केला तर काही ॲप वर एक-दोन-तीन रुपये प्रक्रिया शुल्क लावतात. कंपनीच्या स्वतःच्या ॲपवर तसं सहसा नसतं. ऑटोपे, म्हणजे पैसे आपोआप कापले जाण्याची सोय, लावून ठेवला असेल, तर रक्कम कापण्याच्या २४ तास आधी सूचना येणं रिझर्व्ह बँकेच्या नियमानं बंधनकारक आहे. त्या सूचनेतली रक्कम वाचायची सवय लावून घ्या, वाढ तिथंच आधी कळते.

टॉप-अपमधून, म्हणजे नुसत्या शिलकीतून, न वापरता पैसे जात असतील तर ती बहुधा कॉलर ट्यून, राशिभविष्य, गेम अशी एखादी चिकटलेली सेवा असते. अशी सेवा सुरू करताना ग्राहकाची दोनदा संमती घेणं सक्तीचं आहे. बंद करायला १५५२२३ हा सगळ्या कंपन्यांसाठी एकच टोल-फ्री नंबर आहे. प्रीपेडवाल्यांना मागच्या सहा महिन्यांतल्या वापराचा तपशील जास्तीत जास्त ५० रुपयांत मागता येतो. पैसे नेमके कुठं गेले, हे त्यात दिसतं.

सीमेवरचा वेगळा घोळ

आपल्याकडे ही अडचण बाकीच्यांपेक्षा जास्त आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी हा भाग कर्नाटक परिमंडळात येतो. शिनोळी ओलांडून चंदगडात गेलं, कोल्हापूरला गेलं किंवा चोर्ला घाटानं गोव्यात उतरलं की परिमंडळ महाराष्ट्र. गोवाही त्यातच धरलेला आहे. खानापूर तालुक्यातली पोरं कामाला गोव्यात जातात, तिकडच्या दुकानातून सिम घेतात आणि गावी परतल्यावर तोच नंबर चालू ठेवतात. एकाच घरात दोन परिमंडळांचे नंबर असणं इथं नवल नाही.

मोठे अमर्याद प्लॅन देशभर सारखेच असतात. पण छोटे पॅक आणि ठरावीक ग्राहकांना दिलेल्या सवलती परिमंडळानुसार वेगळ्या असू शकतात. म्हणून शेजाऱ्याला मिळालेला दर आपल्याला मिळाला नाही, तर आधी दोन्ही नंबर कुठल्या परिमंडळाचे आहेत ते बघावं. आणि रोमिंग: अमर्याद प्लॅनमध्ये देशांतर्गत रोमिंग धरलेलं असतं, पण नुसत्या टॉप-अपवर चालणाऱ्या फोनला त्याचं वेगळं शुल्क लागू शकतं. ट्रायनं १ मे २०१५ पासून त्याची कमाल मर्यादा ठरवली आहे: येणाऱ्या कॉलला मिनिटाला ४५ पैसे, जाणाऱ्या स्थानिक कॉलला ८० पैसे. उचगाव, बाचीकडच्या घरात बसून फोन पलीकडचा टॉवर पकडत असेल आणि शिल्लक आपोआप कमी होत असेल, तर सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क आपल्या परिमंडळाचं निवडा.

हँडसेटचा हप्ता आणि कंपनीचं सिम

फोन आणि सिम एकाच दुकानात, एकाच दिवशी घेतलं की लोक दोन्ही पैसे एकच समजतात. हँडसेटचा हप्ता हे फायनान्स कंपनीचं कर्ज आहे, मोबाइल कंपनीचा त्याच्याशी काही संबंध नाही. ‘झिरो टक्के’ म्हटलं तरी प्रक्रिया शुल्क, विमा, वाढीव वॉरंटी त्यात घातलेली असू शकते. १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा कर्जाला मुख्य तथ्यांचं पत्रक देणं सक्तीचं आहे. ते मागा, त्यात एकूण खर्च एका आकड्यात असतो.

उद्यमबाग, मच्छेच्या कारखान्यांत कामगारांना एजंटामार्फत घेतलेली कंपनीची सिमं मिळतात. तिथं बिल आस्थापनेच्या नावावर असतं, दराचा करार तिच्याशी असतो, आणि तो बदलला तर कामगाराला विचारलं जात नाही. पगारातून कापलेली रक्कम वाढली तर करारातला नवा दर आस्थापनेकडे मागावा. नोकरी सोडताना नंबर हवा असेल तर आस्थापनेचं अधिकारपत्र लागतं, त्याशिवाय पोर्ट होत नाही. नोकरीत असतानाच हे पत्र मिळेल का, हे विचारून ठेवलेलं बरं.

परदेशी शिकायला गेलेल्या मुलांच्या पालकांचे प्रश्नही येतात, म्हणून एवढंच: ब्रिटनमध्ये विक्रेत्याकडून कॅशबॅकसह घेतलेल्या करारात दरवाढ नेटवर्कच्या मूळ मासिक दरावर बसते, कॅशबॅक वजा केलेल्या आकड्यावर नाही. १७ जानेवारी २०२५ पासूनच्या नवीन करारांत वाढ किती आणि कधी, हे पौंड-पेन्समध्ये आधीच लिहावं लागतं. महागाईच्या दराशी जोडलेली टक्केवारी आता चालत नाही. करारात नसलेली वाढ केली तर दंड न भरता बाहेर पडायचा हक्क तिथं आहे.

दाद कुठं मागायची

कंपनीच्या दराची तक्रार असेल तर १९८ वर फोन करा, तो टोल-फ्री आहे. तक्रार क्रमांक मिळालाच पाहिजे, तो मेसेजनं येतो. क्रमांकाशिवायचं बोलणं म्हणजे तक्रार नव्हे, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. उत्तर पटलं नाही किंवा मुदतीत आलं नाही, तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. पैसे लागत नाहीत आणि निकाल ३९ दिवसांत द्यायचा असतो. पुष्कळ लोक ही दुसरी पायरी सोडून थेट ट्रायला लिहितात. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, ती कंपनीकडे पाठवून देते.

वाद चालू असताना पोर्ट करून टाकू, असा विचार असेल तर थांबलेलं बिल आधी भरावं लागतं. ते थकलं असेल तर पोर्ट नाकारतात. नंबरला त्या कंपनीत ९० दिवस झालेले हवेत, आणि सिम नुकतंच बदलून घेतलं असेल तर सात दिवस थांबावं लागतं. ‘PORT’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत, जागा सोडून आपला नंबर, असा मेसेज १९०० ला पाठवला की कोड येतो. तो कर्नाटकात चार दिवस चालतो. गोव्यातून कायमचे परतलेल्यांना तोच नंबर कर्नाटक परिमंडळात आणता येतो, त्याला जास्तीत जास्त पाच कामकाजाचे दिवस लागतात.

वाद दुकानदाराच्या शब्दाचा असेल तर वाट वेगळी. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथं मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. मोबाइल कंपनीविरुद्धही तिथं जाता येतं, सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२२ मध्ये ते स्पष्ट केलं आहे. आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, म्हणजे गोव्यात घेतलेल्या सिमसाठी खानापूरच्या माणसाला पणजीला जायला नको, बेळगावचा आयोग चालतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील लावणं सक्तीचं नाही, ऑनलाइनही दाखल करता येते. अर्ज इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये लिहून घेतला तर काम सोपं जातं. मुदत आहे ती दोन वर्षांची, आणि ती कारण घडल्या दिवसापासून मोजतात. म्हणून ज्या बिलात फरक पहिल्यांदा दिसला, त्याची प्रत तक्रारीला जोडा.